पस्तीस अंश

“अहो बाई, गवतावरून चालू नका! परवाच बी टाकलंय!”

हिल्डिंग खोदाईच्या यंत्रात बसल्या बसल्या ओरडला. बाई थांबली नाही. फोन तळहातावर आडवा धरून, त्याच्यावरची नजर न हलवता, ती दफनभूमीच्या नव्या, मुसलमानांसाठी राखलेल्या भागातून तशीच चालत आली आणि अकरा कबरींच्या रांगेत शेवटच्या कबरीपाशी उभी राहिली. तिथे ती जागच्या जागी वळली, थोडी परत फिरली, फोन खिशात टाकून दुसरा फोन काढला आणि पुन्हा तसंच केलं.

हिल्डिंगनं यंत्र बंद केलं. लांबूनही त्यानं तिला ओळखलं होतं. सेनादा, बोस्नियाहून आलेल्या रमीझची मुलगी. स्वीडनमधल्या त्या छोट्या गावातल्या वाहन तपासणी केंद्रात ती ब्रेक, दिवे, टायर बघायची आणि गाडी पास की नापास ते सांगायची. हिल्डिंगची गाडी तिनं दोनदा नापास केली होती, त्यामुळे तिच्याबद्दल त्याचं मत मुळातच फारसं बरं नव्हतं. पण तिचा बाप जानेवारीत गेला होता आणि त्याची कबर हिल्डिंगनंच खणली होती, म्हणून त्यानं आवाज जरा खाली आणला.

“काही हरवलंय का?”

“ही रांग कुणी आखली?” सेनादानं विचारलं.

“मी.”

“कशानं?”

“कशानं म्हणजे?”

“म्हणजे डोळे मिटून आखलीत का, असं विचारतेय.”

हिल्डिंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो एकसष्ट वर्षांचा होता आणि त्याचा राग गावात सगळ्यांना माहीत होता. दारं बनवायच्या कारखान्यात त्यानं एकदा मुकादमाचा डबा खिडकीतून बाहेर फेकला होता. कारखाना बंद पडल्यावर तो इथे आला, आणि गेली सोळा वर्षं त्यानं खणलेल्या एकाही कबरीबद्दल कुणी तक्रार केली नव्हती. कडा सरळ, तळ सपाट, माती एका बाजूला नीट रचलेली. लोक रडत असायचे, त्यांचं लक्ष नसायचं, तरीही तो तशीच खणायचा.

“माझ्या रेषा चुकत नाहीत,” तो म्हणाला.

“काल आईला घेऊन आले होते. तिला इथे बसून प्रार्थना करायची होती. तिचं स्टूल कुठल्या तोंडानं मांडायचं म्हणून मी फोनवर मक्केची दिशा बघितली. आई बसली ती बाबांना तिरपी बसली. मला वाटलं, माझा फोन बिघडला. म्हणून आज कामावरच्या मैत्रिणीचा फोन आणला. दोन्ही फोन एकच सांगतायत.” तिनं बोटानं बापाच्या कबरीवरून हवेत एक रेघ ओढली, मग तिच्या शेजारून दुसरी. “हे असं असायला हवं होतं. हे असं आहे. पस्तीस अंश. कुशीवर निजवलेत, पण माझ्या बाबांचं तोंड मक्केकडे नाहीये.”

हिल्डिंगनं आपला फोन काढला. याच फोननं त्यानं चार वर्षांपूर्वी पहिली कबर आखली होती, आणि नंतरच्या दहा कबरी त्या पहिलीला समांतर. त्यानं होकायंत्र उघडून फोन तिच्या फोनशेजारी धरला. एकाच मातीवर, एकाच आभाळाखाली दोन बाण दोन दिशांना उत्तर दाखवत होते.

“तुमचे बिघडलेत,” हिल्डिंग म्हणाला.

“दोन्ही? एकाच वेळी? एकाच बाजूला?”

“नकाशातली उत्तर आणि चुंबकाची उत्तर यांत फरक असतो. शिकवत नाहीत वाटतं हल्ली.”

“आपल्याकडे पाच-सहा अंश असतो. पस्तीस नसतो.”

तो अवजारांच्या खोलीकडे निघाला. खणात, दोऱ्याच्या गुंडाळ्यांखाली, त्याचं जुनं होकायंत्र होतं. पारदर्शक पट्टीचं, अंगठ्यावर बसणारं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातून धावायच्या शर्यती तो तरुणपणी धावायचा. जिल्ह्यात दोनदा पहिला आला होता. ज्या माणसानं धुक्यात, दलदलीत, डोळ्यांत घाम उतरत असताना कधी दिशा चुकवली नाही, त्याला ही बाई शिकवणार!

परत आल्यावर तो म्हणाला, “फोन लांब ठेवा. तिन्ही. त्या बाकावर. सुईजवळ फोन आला तर ती त्याच्याकडे ओढली जाते.”

सेनादानं निमूटपणे फोन नेऊन ठेवले. हिल्डिंग कबरीच्या कडेला गुडघ्यांवर बसला, पट्टी कडेला लावली आणि सुई स्थिर व्हायची वाट बघत राहिला. मग उठून कबरीच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथेही तेच. तिसऱ्यांदा त्यानं शेजारच्या कबरीवर लावून पाहिलं. उठताना त्याला हात टेकावा लागला.

“बोला,” सेनादा म्हणाली.

त्यानं होकायंत्र तिच्यापुढे धरलं.

ती बाकापाशी गेली आणि त्याचा फोन उचलून उलटा केला. पाठीवर नाण्याएवढी लोखंडी चकती चिकटवलेली होती.

“हे काय?”

“यंत्रात चुंबकाचा होल्डर आहे. त्याला चिकटवायला.”

“चार वर्षं?”

“ऑफिसनं सगळ्यांनाच दिली होती.”

सेनादा हसली. त्या हसण्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं, असं हिल्डिंगला वाटलं. “फोनच्या पोटात होकायंत्र असतं, हिल्डिंग. इवलंसं. त्याच्या पाठीवर तुम्ही लोखंड बसवलंत, ते लोखंड रोज आठ तास चुंबकाला चिकटवून ठेवलंत, आणि मग त्या फोनला विचारलंत, मक्का कुठे आहे?”

तिनं गाडीच्या किल्लीचं टोक चकतीखाली घालून ती उचकटली आणि दूर भिरकावली. मग फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायला लागली, मनगट वळवत, एकदा, दोनदा, सात-आठ वेळा. हिल्डिंग तिच्या हाताकडे बघत होता. पडद्यावरचा बाण चाचपडला, सरकला, बराच सरकला आणि तिच्या फोनवरच्या बाणाला समांतर येऊन थांबला.

तिनं फोन त्याच्या हातात दिला.

“घ्या, झाला दुरुस्त. दीड मिनिट लागलं. आता माझ्या बाबांना दुरुस्त करा.”

*

त्याच दुपारी, जेवणाचा डबा न उघडता बसलेल्या हिल्डिंगला पहिल्या कबरीचा तो नोव्हेंबर आठवला. दाट धुकं होतं. मोजणीदारानं ठोकलेल्या खुंट्या रस्त्याच्या कामात उपटल्या गेल्या होत्या आणि माणूस पुन्हा यायला तीन आठवडे लागणार होते. मेलेला माणूस तीन आठवडे थांबत नाही. म्हणून त्यानं यंत्रातून फोन काढला, दोन पावलं पुढे येऊन बघितलं आणि दोरी ताणली. दफनाच्या वेळी म्हातारे इमाम मुहारेम त्याच्याजवळ आले होते. “दिशा बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं होतं. हिल्डिंगनं त्यांना फोन दाखवला. इमामांनी चष्मा वर करून बघितलं आणि मान हलवली.

त्यांनी विचारलं होतं, हे सगळ्यात वाईट होतं. कुणी विचारलंच नसतं तर वेगळी गोष्ट.

आणि रमीझ! नऊ वर्षं तो कारखान्यात हिल्डिंगच्या शेजारच्या यंत्रावर होता. दाराला अर्धा मिलिमीटर फट राहिली तरी तो दार परत पाठवायचा. हिल्डिंग चिडायचा, “अरे, कुणाला दिसणार आहे?” रमीझ म्हणायचा, “मला दिसली ना.” कॉफीवरून, फुटबॉलवरून, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून दोघं भांडायचे. जानेवारीत त्याची कबर खणताना गोठलेली जमीन तापवायला दोन दिवस लागले होते, आणि हिल्डिंगनं तळ हातानं सपाट केला होता. सगळं नीट. फक्त दिशा सोडून.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीच्या प्रमुख कारोलानं सेनादाला ऑफिसात बोलावलं. हिल्डिंग दाराशी उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. कारोला चाळिशीची होती, आवाज मऊ होता, आणि तिनं टेबलावर नकाशा पसरला होता.

“सेनादा, मला खरंच फार वाईट वाटतंय. पण झालेल्या कबरी उघडायच्या तर जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, आणि ती सहसा मिळत नाही. मी काल नकाशा बघत होते.” तिनं पेन्सिलीनं एक रेघ दाखवली. “आणि एक गोष्ट लक्षात आली. आता त्यांचं तोंड जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. म्हणजे बोस्नियाकडे. तुमच्या वडिलांच्या गावाकडे. एका अर्थानं ते घराकडे बघतायत. मला ते ऐकून… म्हणजे, मला वाटलं तुम्हाला जरा बरं वाटेल.”

सेनादानं नकाशा तिच्याकडे परत ढकलला.

“त्या गावातनं त्यांना युद्धात रायफलच्या दस्त्यानं ढकलत बाहेर काढलं,” सेनादा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “माझे दोन काका तिकडेच राहिले. कुठे पुरलेत, माहीत नाही. तीस वर्षं बाबा टीव्हीवर त्या देशाचं हवामान आलं तरी चॅनल बदलायचे. आणि तुम्ही त्यांना कायमचं तिकडे तोंड करून झोपवलंत, आणि वर सांगता, बरं वाटेल?”

“माझा तसा हेतू…”

“हेतू नका सांगू. इथे आल्यापासून तुम्ही लोकांनी दाखवलं तिकडे तोंड करून उभे राहिलो आम्ही. निर्वासितांच्या कॅम्पमध्ये, कचेरीत, कारखान्यात. मेल्यावर तरी एकदा आमच्या मनासारखं तोंड करू द्यायचं होतं.”

ती उठून गेली. जाताना हिल्डिंगच्या अंगावरून गेली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

कारोलानं कपाळ चोळलं. “हिल्डिंग, कुणाशी बोलू नकोस. बाकीच्या दहा कुटुंबांना मी पत्र पाठवीन. आधी वकील बघेल.”

“कधी?”

“बघू. सुट्ट्या संपल्यावर.”

“म्हणजे ऑगस्ट. तोवर ते इथे येणार, फुलं लावणार, आणि मी त्यांना सुप्रभात म्हणायचं?”

“चूक उपकरणाची होती. ती चकती आपण सगळ्यांना दिली होती. तुझ्यावर काही येणार नाही, मी बघते.”

“चकतीनं दोरी ताणली नाही!” हिल्डिंग एवढ्या जोरात ओरडला की बाहेरच्या खोलीतली टायपिंगची टकटक थांबली. “माझ्या खणात होकायंत्र होतं. पन्नास पावलांवर. मला आळस आला. लिही ते तुझ्या पत्रात.”

*

रविवारी दुपारी तो बोस्नियन मंडळाच्या हॉलमध्ये गेला. टायरच्या दुकानावरचा हॉल, भिंतीवर मुलांची चित्रं, कॉफीचा वास. कुणीतरी त्याच्यापुढे पालक भरून भाजलेल्या पिटाची बशी ठेवली. त्यानं हात लावला नाही. साठेक माणसं होती. सेनादा मागे भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. तिची आई हायरा पुढच्या रांगेत बसली होती, लहानखुरी, डोक्याला पांढरा रुमाल, मांडीवर पर्स.

हिल्डिंगनं घरी चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्या त्यानं खिशातच ठेवल्या.

“अकरा कबरी मी चुकीच्या आखल्या,” तो म्हणाला. “फोनचं होकायंत्र बिघडलेलं होतं आणि मी ते तपासलं नाही. पस्तीस अंश. इमामांनी मला विचारलं होतं, मी त्यांना बरोबर आहे म्हणून सांगितलं. त्यांचा दोष नाही.”

मग त्यानं दुसरा कागद काढून अकरा नावं वाचून दाखवली. काही नावांचे उच्चार त्याला धड जमले नाहीत. मागून कुणीतरी प्रत्येक वेळी बरोबर उच्चार मोठ्यानं म्हणत होतं.

एक जाडजूड माणूस उठला, त्याच्या बायकोचं नाव तिसरं होतं. “मला तेव्हाच वाटलं होतं! दफनभूमीबाहेर नमाज पढलो एका दिशेला तोंड करून आणि आत कबरीपाशी गेलो तर ती दुसरीकडेच! मला वाटलं, रस्ता वळलाय. बायको गेली होती, मी काय कोन मोजत बसू?” तो बोलता बोलता रडायला लागला आणि रडतोय म्हणून आणखी चिडला. “तुला कोन मोजायचा पगार मिळतो!”

“मिळतो,” हिल्डिंग म्हणाला.

“तुझ्या स्वतःच्या माणसाला असं ठेवलं असतंस?”

“नसतं.”

“मग?”

लोक एकमेकांत त्यांच्या भाषेत बोलायला लागले, आवाज वाढले. इमाम मुहारेम काठी टेकत उठले तेव्हा कुठे जरा शांत झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. जे झालं ते अजाणता झालं. गेलेल्यांवर त्याचा काही दोष नाही. त्यांना पुन्हा उघडू नये, त्यांना निजू द्यावं. पुढच्या कबरी मात्र सरळ हव्यात. “आणि तेव्हा मी चष्मा लावून बघितलं नव्हतं,” ते शेवटी म्हणाले, “हेही लिहून ठेवा.”

काहींनी माना हलवल्या. जाडजूड माणूस दार आपटून निघून गेला. सेनादा भिंतीपासून हलली नव्हती.

तेवढ्यात हायरा बोलली. तिचं स्वीडिश तुटकं होतं, पण ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं ती बोलली. ती सगळ्यांनाच शेजारी म्हणायची, टपालवाल्यालाही.

“शेजारी, माझी जागा त्याच्या बाजूला घेतलीये. आम्ही दोघांनी मिळून घेतली. मला कशी ठेवणार?”

हिल्डिंगनं नावांचा कागद खाली केला.

“म्हणजे?” हिल्डिंगनं विचारलं, पण त्याला कळलं होतं.

“त्याच्यासारखी ठेवलीस तर मी पण चुकीची. सरळ ठेवलीस तर त्याच्याशी तिरपी. मग कशी?”

“तुम्ही म्हणाल तशी.”

“मला नाही माहीत,” हायरा रागानं म्हणाली. “मी कशाला ठरवू? मी चूक केली नाही.”

सोमवारी कारोलानं त्याला लेखी ताकीद दिली. बोलू नकोस म्हणून सांगितलं असतानाही परस्पर बोलल्याबद्दल. त्यानं सही केली आणि कागद तिच्या टेबलावरच विसरून आला.

*

जूनपासून हायरा जवळजवळ रोज यायला लागली. घडीचं स्टूल घेऊन बसनं यायची आणि रमीझपाशी तासभर बसायची. हिल्डिंगनं तोवर जुन्या होकायंत्रानं पुढची रांग आखली होती, आणि मोजणीदाराला बोलावून तपासूनही घेतली होती. नव्या रांगेच्या खुंट्या जुन्या रांगेला तिरप्या गेल्या होत्या. कुणालाही लांबून दिसत होतं. तिथून जाताना प्रत्येक वेळी हिल्डिंग कुणावर तरी खेकसायचा. एकदा फुलवाल्यावर, एकदा कावळ्यांवर.

हायरा दिसली की तो मान हलवून पुढे जायचा. ऑगस्टमध्ये एका दुपारी तिनं त्याला हाक मारली.

“ये, बस शेजारी.”

बसायला दुसरं काही नव्हतं. तो गवतावर बसला.

“तू कारखान्यात याच्याशी भांडायचास ना?”

“रोज.”

“घरी येऊन मला सगळं सांगायचा. तो मूर्ख हिल्डिंग आज असं म्हणाला, तो मूर्ख हिल्डिंग तसं म्हणाला.” तिनं पर्समधून अक्रोड घातलेली वडी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती खाल्ली. “तुझ्यावर राग आहे माझा. सेनादाचा आहे त्याहून जास्त. तिला ओरडता येतं, मला येत नाही, म्हणून आतल्या आत राहतो.”

“असू दे.”

“असणारच आहे. तुझी परवानगी नाही मागत.” ती रमीझच्या दगडाकडे वळली. “चव्वेचाळीस वर्षं हा म्हणाला तिकडे गेले. हा म्हणाला, या गावात राहायचं, राहिले. हा म्हणाला, सामान बांध, बांधलं. स्वीडन म्हणाला, तर स्वीडन. मी नकाशा पण नाही बघितला. आता हा इथे तिरपा पडलाय आणि मी पुन्हा त्याच्यामागून तिरपीच जायचं का? नाही. मला सरळ ठेव.”

“ठीक आहे.”

“जवळ ठेव. पण सरळ.”

“डोक्याकडे जवळ येईल, पायांकडे लांब जाईल,” हिल्डिंगनं हातांनी दाखवलं. “डोक्याकडे मध्ये हातभर माती उरेल. यंत्रानं खणता येणार नाही.”

“मग हातानं खण,” हायरा म्हणाली. “तुझं काम आहे ते.”

*

ती फेब्रुवारीत गेली, झोपेत. सेनादानं ऑफिसला फोन केला, हिल्डिंगला नाही. निरोप कारोलानं आणला, आणि सोबत नियमांचा कागदही.

“समांतरच खणावी लागेल. दोन कबरींमध्ये किती अंतर हवं ते यात लिहिलंय. तिरपी घेतली तर डोक्याकडे कमी पडतं. माती ढासळली तर रमीझची कबर उघडी पडेल. मी जबाबदारी घेऊ शकत नाही.”

“मी घेतो.”

“तुला घेता येत नाही, हिल्डिंग. तू कर्मचारी आहेस.”

“मग तू खण,” तो म्हणाला. त्यानं हातमोजे काढून तिच्या टेबलावर ठेवले. “घे. जमीन दोन फूट गोठलीये. ती हीटरची पेटी लाव, दोन दिवस थांब, आणि मग त्या बाईच्या मुलीला जाऊन सांग की तिच्या आईलाही आम्ही जाणूनबुजून चुकीचं पुरतोय, कारण कागदात तसं लिहिलंय. जा. मी घरी जातो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय माझं, ते पण नको.”

कारोलानं हातमोजे त्याच्याकडे परत सरकवले. मग म्हणाली, “फळ्यांचा आधार लावशील? दोन्ही बाजूंनी?”

“लावीन.”

“मला फोटो हवेत. प्रत्येक टप्प्याचे.”

“घे की फोटो. माझ्या फोननं नको फक्त.”

यंत्रानं त्यानं पायांकडची बाजू उघडली आणि मग ते लांब नेऊन उभं केलं. होकायंत्रानं रेषा धरली, सहा वेळा तपासली, आणि डोक्याकडचा कोपरा फावड्यानं घेतला. उणे सात तापमान होतं. गोठलेली माती फावड्याखाली विटेसारखी तुटत होती. रमीझच्या बाजूची भिंत त्यानं हातभर ठेवली, फळ्या टेकवल्या, पाचर मारली. मधेच फळीमागून थोडी माती सुटली तेव्हा त्यानं रमीझला इतक्या घाणेरड्या शिव्या घातल्या की कारखान्यातसुद्धा घातल्या नसतील. माती तेवढ्यावर थांबली. चार वाजता अंधार पडायच्या आत त्यानं तळ सपाट केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक यायच्या आधीच सेनादा आली. काळा कोट, हातात फोन, त्याला कव्हर नव्हतं. ती कबरीच्या कडेला उभी राहिली, हवेत दोन-चार आठ काढले, फोन आडवा धरला. हिल्डिंग टोपी काढून बाजूला उभा होता. थंडीनं त्याचे कान दुखत होते.

तिनं एका टोकाला बघितलं, मग दुसऱ्या. मग खाली वाकून फळीमागची ती हातभर माती बघितली, आणि तिच्यापलीकडे बर्फाखालची बापाची कबर.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“याचा अर्थ मी विसरले असं नाही.”

“माहीत आहे.”

“त्यांचं तसंच राहणार. कायम. मी दर वेळी आले की ते मला दिसणार.”

“मलाही,” हिल्डिंग म्हणाला.

“तुम्हाला दिसलंच पाहिजे,” ती म्हणाली, आणि फाटकाकडे लोकांना घ्यायला गेली.

*

मे महिन्यात हायराचा दगड बसला. दगडवाल्यानं विचारलं होतं की दोन्ही दगड एका रेषेत लावू का, बघायला बरं दिसेल. हिल्डिंगनं त्याला असं काही उत्तर दिलं की त्यानं पुन्हा विचारलं नाही. प्रत्येक दगड आपापल्या कबरीच्या कोनात लागला.

दोन्ही कबरींच्या मध्ये पायांकडे रुंद आणि डोक्याकडे निमुळता होत जाणारा गवताचा एक तुकडा उरला. गवत कापायचं मोठं यंत्र तिथे वळत नाही. ऑफिसनं सुचवलं की तिथे खडी टाकू, म्हणजे काम वाचेल. हिल्डिंग नाही म्हणाला. उन्हाळाभर दर दुसऱ्या गुरुवारी तो तिथे गुडघ्याखाली जुनं पोतं घेऊन बसायचा आणि मोठ्या कात्रीनं ते गवत कापायचा, रुंद बाजूनं सुरू करून निमुळत्या टोकापर्यंत. नव्यानं आलेल्या माळ्यांना तो तिथे हात लावू द्यायचा नाही.

एकदा कुणी परगावची बाई फुलं घेऊन चालली होती, ती थांबली. “हे दोन दगड असे वेड्यावाकड्या कोनात का हो लावलेत?”

अशा प्रश्नाला काय सांगायचं ते कारोलानं लिहून दिलं होतं. जमिनीच्या उतारामुळे.

“ती बरोबर आहे,” हिल्डिंग खाली बघतच म्हणाला. “त्याला मी चुकीचा पुरलाय.”

बाईनं हातातली फुलं सावरली. ती पुढे गेली. हिल्डिंगनं पोतं हातभर पुढे सरकवलं, त्यावर गुडघा टेकला, आणि उरलेलं गवत कापायला घेतलं.